जपानी तलवार, साताऱ्याकडचं घर, आणि शाप कुठून आणायचा? (कादंबरीसाठी मदत हवी)

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी एक भयकथा लिहायला घेतली. कथा म्हणता म्हणता कादंबरी झाली आणि आता गळ्याशी आलीय.

थोडक्यात सांगतो. सातारा जिल्ह्यातलं गाव, घरटी एक माणूस फौजेत. (डोळ्यांपुढे अपशिंगे मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान गेले. माझं गाव काल्पनिकच ठेवलंय.) नातू मुंबईहून येतो, जुनं घर पाडायला काढतो. कडीपाटावरच्या पोटमाळ्यात पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत घोंगडीत गुंडाळलेली जपानी तलवार. आजोबांनी १९४५ साली ब्रह्मदेशातून आणलेली. ती बाहेर निघते आणि घरात एकेक प्रकार सुरू होतात.

इथवर झकास जमलंय. अडलंय ते शापापाशी. आत्तापर्यंत तीन शाप लिहून खोडले. पहिल्यात मरणारा जपानी अधिकारी आजोबांना शाप देतो. बायकोने वाचून विचारलं, "तो मराठीत देतो का?" दुसऱ्यात तलवारीला रक्ताची चटक लागलेली असते. हे शंभर जणांनी लिहून झालंय. तिसऱ्यात कामाख्येचा तांत्रिक आणला, तो मलाच पटेना.

तलवारीत असं काय असावं की वाचणाऱ्याने रात्री पोटमाळ्याकडे बघायचं टाळावं?

बत्तिशी
आधी जागा धरतो, मग वाचतो.

गंजका_भाला
शापित तलवार म्हटल्यावर जपानी माणूस एकच नाव घेईल, मुरामासा. इसे प्रांतातल्या कुवाना गावचा लोहार, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पुढे अडीचशे वर्षं जपानवर राज्य केलेल्या तोकुगावा घराण्याच्या हात धुऊन मागे लागलेली त्याची पाती. या घराण्याचा पहिला शोगुन (राज्यकर्ता) इएयासू. त्याचे आजोबा कियोयासू १५३५ साली आपल्याच माणसाच्या हातून मेले ते मुरामासाच्या तलवारीने. वडिलांवर वार झाला तोही मुरामासाने म्हणतात. मुलगा नोबुयासू, त्याला १५७९ साली पोट फाडून घ्यावं लागलं, तेव्हा मान उडवणारी तलवारही तीच. खुद्द इएयासूचं बोटही म्हणे मुरामासाच्या भाल्याने कापलं.

घ्या. चार पिढ्या. आयता शाप.

सदू_मास्तर
भाल्या, तुझी गोष्ट मलाही आवडते, पण तिच्यातली हवा काढतो. इएयासूचं घराणं मिकावा प्रांतातलं. इसे तिथून खाडीपलीकडे. तिकडच्या सैनिकांच्या कमरेला कुवानाचा माल असायचाच. आपल्याकडे तीन पिढ्यांत तीन माणसं बजाजच्या स्कूटरवरून पडली तर स्कूटर शापित ठरत नाही. सगळ्यांकडे तीच होती, एवढंच.

गंमत पुढे आहे. इएयासूने स्वतः मुरामासाची तलवार जपून ठेवली होती. ती वारशाने घराण्याच्या ओवारी शाखेकडे गेली आणि आज नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आहे. ज्याला शाप भोवला म्हणतात त्याच्याच कपाटात शाप! दंतकथा फुगली ती नंतर, नाटकांतून. आणि एकोणिसाव्या शतकात तोकुगावा सत्ता उलथवायला निघालेले तरुण मुद्दाम मुरामासा शोधायला लागले. मागणी वाढली, तशा खोट्या सह्याही वाढल्या.

म्हणजे शाप बाजारात चालत होता.

कोयनाकाठ
मास्तर, हे भारी आहे. पण मुरामासा नको. आमच्या गावातल्या आजोबांच्या ट्रंकेत थेट मुरामासा निघाली तर वाचक पुस्तक मिटेल.

पुणेरी_उंबरठा
परदेशी कशाला जाता? टिपूची तलवार आहे की. विजय मल्ल्यांनी लंडनच्या लिलावात घेतली, आणि ती घरच्यांना लाभत नाही म्हणून देऊन टाकली, असं २०१८ साली तिथल्या कोर्टात सांगण्यात आलं. टिपूवरच्या मालिकेच्या सेटला आग लागली, तेव्हाही लोक असंच बोलत होते.

सदू_मास्तर
म्हैसूरचा प्रीमियर स्टुडिओ, ८ फेब्रुवारी १९८९. ६२ माणसं गेली. भिंतींना गोणपाटं लावलेली, हवा यायला जागा नाही, वर मोठमोठे दिवे, सैल वायरिंग, आग विझवायची सोय नाही. तलवारीवर ढकललं की गोणपाट सुटतं. अशा वेळी 'शाप' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, माफ करा.

मल्ल्यांबद्दल काही बोलत नाही. कर्ज फेडण्याआधी तलवार गेली एवढं खरं.

बत्तिशी
मास्तर आज फॉर्मात.

निवृत्त_पायदळ
कोयनाकाठ, तुमच्या कथेत एक भोक आहे, ते आधी बुजवा.

जपान्यांच्या शरणागतीच्या वेळी माउंटबॅटनने हट्ट धरला होता की आग्नेय आशियातल्या प्रत्येक जपानी अधिकाऱ्याने आपल्या माणसांसमोर तलवार काढून द्यायची. अमेरिकन सेनापती मॅकआर्थरला हे जुनाट वाटायचं. माउंटबॅटनचं म्हणणं, तलवार गेली की हरलो हे त्यांना पटेल. त्या तलवारी मग साहेबलोकांना, पलटणींना मिळाल्या. आपल्याकडे कितीतरी ऑफिसर्स मेसच्या भिंतीवर आजही एखादी टांगलेली दिसेल. मी स्वतः एकीखाली बसून पंचवीस वर्षं जेवलोय. काही झालं नाही, जेवण सोडून.

पण साध्या जवानाच्या ट्रंकेत ती कशी आली? वाटपात मिळाली, की शरणागतीच्या आधी, लढाईत, मेलेल्याच्या हातातून घेतली? तुमचे आजोबा मराठा पलटणीचे असतील तर मार्च १९४४ मधलं सांगशाक बघा, मणिपूरच्या उखरूल भागात. ५०वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्याबरोबर ४/५ मराठा (पाचव्या मराठा पलटणीची चौथी बटालियन). खडकाळ टेकडी, खंदक खणता येईनात, काटेरी तार नाही, पाणी नाही. २२ ते २६ मार्च ती टेकडी धरून ठेवली, म्हणून कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांचे ते दिवस वाया गेले. हातघाईची लढाई होती. तिथे जपानी अधिकारी तलवार उपसून चढून आलेत.

तिथून घेतलेली तलवार आणि टेबलावर मांडून दिलेली तलवार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबांनी घरी काय सांगितलं आणि खरं काय होतं, ते ठरवा. शाप त्या दोहोंच्या मधे कुठेतरी सापडेल.

कोयनाकाठ
सर, उठून उभा राहिलो वाचताना. हे 'घरी काय सांगितलं' माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तोक्योतली_ताई
मी तोक्योत बारा वर्षं आहे, नवरा तलवारींचा वेडा (जपानी नाही, सांगलीचा). त्याच्याकडून ऐकून ऐकून माझंही डोकं भरलंय, ते इथे रिकामं करते.

दादा, एक मोठा फरक तुमच्या कामाचा आहे. आपल्या तलवारीचं पातं मुठीत लाखेने बसवलेलं असतं. तापवल्याशिवाय निघत नाही, आत काय आहे कुणी बघत नाही. जपानी तलवारीची मूठ लाकडी, आणि ती अडकते एका बांबूच्या खुंटीवर. मेकुगी म्हणतात. करंगळीच्या नखाएवढी. हलकेच ठोकून खुंटी काढली, डाव्या हातात मूठ धरून उजव्या मुठीने डाव्या मनगटावर दोन-तीन गुद्दे मारले की पातं मुठीतून सैल होऊन वर येतं. मग मुठीत लपलेला भाग दिसतो, नाकागो. तिथला गंज कधीही घासायचा नाही, कारण गंजाच्या रंगावरून वय कळतं. आणि तिथेच लिहिलेलं असतं. एका बाजूला लोहाराचं नाव, दुसऱ्या बाजूला बहुधा तारीख.

आता तुमच्या पोटमाळ्यासाठी एक गोष्ट. एदो काळात, म्हणजे तोकुगावांच्या राज्यात, तलवारींची धार मृत्युदंड झालेल्या कैद्यांच्या प्रेतांवर तपासत. यामादा आसाएमोन नावाचं घराणंच होतं या कामाला. एकावर एक प्रेतं रचायची आणि एका वारात किती कापली ते बघायचं. निकाल नाकागोवर कोरत, कधी सोन्याने. 'दोन धडं कापली.' 'तीन धडं कापली.'

सत्तर वर्षं घरातल्या पोरांनी लाकडी मूठ धरून खेळ केले, आणि त्या मुठीच्या आत सोन्याने हे लिहिलेलं.

अनामिका_डी
ताई, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. लाइट लावून बसलेय.

गंजका_भाला
ताई, पण युद्धातल्या बहुतेक तलवारी कारखान्यातल्या ना? हवालदार-दर्जाच्या लोकांसाठीची ९५ नमुन्याची तर यंत्रावर बनवलेली, पात्यावर अनुक्रमांक, मूठ चक्क ओतीव धातूची, वर दोरी गुंडाळल्यासारखा रंग दिलेला. तिच्यात कसलं सोनं!

तोक्योतली_ताई
बरोबर. पण अधिकारी आपली तलवार स्वतः विकत घ्यायचे. काही जण घरातलं चारशे वर्षांचं पातं लष्करी मुठीत आणि म्यानात बसवून घेऊन जायचे. बाहेरून दोन्ही सारख्याच खाकी. मुठीच्या गोंड्यावरून दर्जा कळतो, तपकिरी-निळा असेल तर कॅप्टनपर्यंतचा, तपकिरी-लाल असेल तर वरचा. पातं किती जुनं, हे मात्र मूठ काढल्याशिवाय नाही कळत.

अवांतर: जपानचा सर्वांत हळहळ लावणारा किस्सा होंजो मासामुनेचा. मासामुने म्हणजे तलवारींचा ज्ञानोबा, तेराव्या-चौदाव्या शतकातला. तोकुगावा शोगुनांकडे वारसा म्हणून चाललेली ही तलवार. अमेरिकनांनी शस्त्रं जमा करायला सांगितली तेव्हा तोकुगावा इएमासाने डिसेंबर १९४५ मध्ये इतर तलवारींबरोबर तीही मेजिरोच्या पोलीस ठाण्यात नेऊन दिली. महिन्याभरात कुणी अमेरिकन सार्जंट येऊन घेऊन गेला. जपानी पोलिसांनी ऐकून लिहिलेलं नाव 'कोल्डी बायमोर' असं काहीतरी. त्या नावाचा माणूस सापडलेला नाही. तलवारही नाही. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी पडलेली असेल.

बत्तिशी
किंवा साताऱ्याकडच्या पोटमाळ्यावर!

कोयनाकाठ
नको रे बाबा, पुन्हा तेच.

सुलभा_मावशी
मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण दोन दिवस हा धागा उघडून बसलेय आणि आता राहवत नाही.

आमच्या घरी होती. खरीच. आजोबा सुभेदार होऊन निवृत्त झाले, ब्रह्मदेशात होते. तलवार कशी आणली ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आमच्याकडे त्यांना विचारायची पद्धत नव्हती. देवघराच्या मागच्या कोनाड्यात उभी ठेवलेली असायची. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, कोयता, विळा, नांगराचा फाळ, आजोबांची पदकं आणि ती, अशी पाटावर मांडायची. सगळ्यांना हळदकुंकू. म्यानातून काढायची नाही. आजी पाटावर ठेवताना पदराने धरायची.

ती दरवर्षी जड होते, असं आजी म्हणायची. आम्ही पोरं घाबरून ऐकायचो. आजी दरवर्षी म्हातारी होत होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरात काही झालं की तिच्यावर यायचं. काका विहिरीत पाय घसरून पडले, तलवार. गाय गाभडली, तलवार. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली तेव्हाही तलवार! जिल्ह्यातल्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या, त्यांच्या घरी कुठे तलवारी होत्या?

पण भीतीचं खरं कारण वेगळं होतं. म्यानाला तारेने एक लाकडी पट्टी बांधलेली होती. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. तिच्यावर काळ्या शाईने उभी अक्षरं. घरात सगळे त्याला जंतर म्हणायचे. म्हणजे जपान्याने मंत्र घालून बांधलेलं, सोडलं तर बाधणार. गावच्या देवऋष्याला दाखवलं, तो म्हणाला ही आपल्याकडची विद्या नाही, मी हात लावणार नाही. यावर तर सगळ्यांचा विश्वासच बसला. खरं बोलणारा देवऋषी पहिल्यांदाच बघितला असावा.

मग चाळीसेक वर्षं तसंच. दर नवमीला त्या पट्टीलाही हळदकुंकू. थरावर थर. अक्षरं दिसेनाशी झाली.

आजोबा गेले, आई गेली, घर माझ्याकडे आलं. माझी भाची पुण्यात जपानी शिकत होती. ती म्हणाली मावशी, फोटो पाठव. फोटोत काय दिसणार, नुसतं कुंकू. शेवटी ती स्वतः आली, रंगाचा कोरडा कुंचला घेऊन अंगणात बसली आणि हळूहळू झाडत गेली. खाली पेपर अंथरलेला, त्यावर लाल-पिवळी रांगोळी पडली. लाकूड पिवळंधमक झालेलं होतं. शाई मात्र होती.

ती बराच वेळ बोलली नाही. मी म्हटलं, काय आहे गं, शाप आहे का?

म्हणाली, "मावशी, पत्ता आहे."

नाव, आणि गावाचा पत्ता. बाकी एक अक्षर नाही.

अनामिका_डी
मावशी...

तोक्योतली_ताई
मावशी, अंगावर काटा आला. अशा पट्ट्या खरंच असतात. शरणागतीच्या वेळी अनेक अधिकाऱ्यांनी तलवार द्यायच्या आधी लाकडावर किंवा कापडावर आपलं नाव-गाव लिहून बांधलं. कधीतरी कुणीतरी परत पाठवील, या आशेवर. म्हणजे तुमच्या आजोबांनी ती कुणाच्या प्रेतावरून घेतलेली नव्हती बहुतेक. टेबलावरची होती.

निवृत्त_पायदळ
मावशी, ताईंशी सहमत. पट्टी आहे म्हणजे देणारा जिवंत होता, शुद्धीवर होता, आणि त्याला लिहायला वेळ मिळाला होता. तुमच्या आजोबांना सलाम.

सदू_मास्तर
मी एरवी शापाच्या नावाने बोटं मोडतो, पण इथे गप्प बसतो. चाळीस वर्षं एका माणसाच्या पत्त्याची पूजा.

कोयनाकाठ
मावशी, मी कालपासून लिहू शकलेलो नाही. तीन शाप खोडले ते बरं झालं. माझ्या कादंबरीत आता तलवार कुणाला मारत नाही. तिला घरी जायचंय. जो तिला अडवतो त्याचं घर ती मोडते. घर पाडायला काढलं तेव्हाच ती जागी होते, कारण तिला वाटतं आता निघायचं. शेवटी नातू ती जपानला पोचवतो. कसं वाटतंय?

तोक्योतली_ताई
दादा, छान आहे, पण शेवट जमणार नाही. दोन कायदे मधे येतात.

पातं शंभर वर्षांहून जुनं असेल तर आपल्या १९७२च्या पुरावशेष कायद्यात ते पुरावशेष ठरू शकतं, मग खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि कारखान्यातलं असेल तर जपानच घेत नाही! इथे तलवार बाळगायला नोंदणी लागते आणि नोंदणी फक्त पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या, कला म्हणून मोल असलेल्या पात्यांची होते. यंत्रावरची लष्करी तलवार आली की जप्त, पुढे नष्ट.

गंजका_भाला
म्हणजे जुनीला आपण सोडणार नाही आणि नवीला ते घेणार नाहीत.

कोयनाकाठ
थांबा थांबा. हाच तर शाप आहे!

नातू मूठ काढायला का घाबरतो? आत सोन्याची प्रेतं असतील म्हणून नाही. मूठ काढली की पातं जुनं का नवं ते कळणार, आणि कळलं की तलवारीच्याही कानावर जाणार की तिला घरी जाता येत नाही. न काढता ठेवली तोवर तिला आशा आहे. आशा आहे तोवर ती घर मोडत राहणार.

बत्तिशी
पुस्तक कधी येतंय? दोन प्रती माझ्या.

गंजका_भाला
एकच बारीक दुरुस्ती, मागे ताईंनी लिहिलंय तरी सांगतो. खुंटी बांबूची. मसुद्यात लोखंडी खिळा लिहू नकोस, मी परीक्षणात फाडीन.

पुणेरी_उंबरठा
आणि घरात तलवार ठेवण्याबद्दलही एक ओळ टाका. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब पात्याच्या तलवारी येतात. नाहीतर तुमचा नातू भुताआधी पोलिसांना सापडायचा. मावशी, तुमच्या तलवारीचं पुढे काय झालं? मूठ काढली का?

सुलभा_मावशी
नाही काढली. भाची म्हणत होती काढूया, मीच नको म्हटलं. कोयनाकाठ, तू लिहिलंस ते वाचल्यावर आत्ता कळतंय मी का नको म्हटलं ते.

त्या पत्त्यावर पत्र पाठवलं होतं. परत आलं. त्या नावाचं गाव आता नाही, शेजारच्या शहरात गेलंय म्हणे. भाचीने तिथल्या कचेरीलाही लिहिलं, त्यांनी फार नम्रपणे कळवलं की दुसऱ्या कुणाची माहिती देता येत नाही.

घर विकायचं ठरलं तेव्हा तलवार पोलीस ठाण्यात जमा केली. लोकांनी घाबरवलं होतं, पण तिथला हवालदार बिचारा सज्जन निघाला. त्याच्या वडिलांचंही काहीतरी बेळगावच्या मराठा पलटणीच्या सेंटरला झालेलं. चहा मागवला. फॉर्म भरायला दिला. लांबी, वर्णन, कुठून मिळाली, असं सगळं भरत गेले. मग एक रकाना आला, मालकाचे नाव.

मी पेन धरून बसले. मग आजोबांचं नाव लिहिलं आणि त्याखाली दुसरं नाव, भाचीने देवनागरीत लिहून दिलं होतं ते.

हवालदार म्हणाला, "मावशी, एकच लिहा."

कोयनाकाठ
मग कोणतं ठेवलंत?

सुलभा_मावशी
फॉर्म त्यांच्याकडे आहे. पट्टी माझ्याकडे आहे, ती दिली नाही. येत्या नवमीला पाटावर मांडीन, कुंकू लावणार नाही.

कोयनाकाठ
मावशी, फॉर्मचा प्रसंग कादंबरीत घेऊ का? नाव-गाव बदलून.

सुलभा_मावशी
घे. हवालदाराला तेवढा चांगला दाखव. चहाचे पैसे घेतले नाहीत त्याने.